एकच मिसाईल, तीन युद्धं, तीन निकाल: नौदलाच्या गेममध्ये ‘अचूकता’ ठरवायची तरी कशी?

२१ ऑक्टोबर १९६७. इजिप्तच्या पोर्ट सईद बंदरासमोर इस्रायलची ‘एलात’ ही विनाशिका गस्त घालत होती. बंदरातल्या छोट्याशा इजिप्शियन बोटींनी तिच्यावर सोव्हिएत बनावटीची पी-१५ मिसाईल्स सोडली. एलात बुडाली आणि तिच्यावरचे ४७ जण मारले गेले. आपल्या तुलनेत चिमुकल्या बोटीने मिसाईल सोडून एवढी मोठी युद्धनौका बुडवल्याचं जगाने पहिल्यांदाच पाहिलं.

४ डिसेंबर १९७१ ची रात्र. भारतीय नौदलाच्या निपात, निर्घात आणि वीर या तीन मिसाईल बोटी कराचीजवळ पोचल्या. त्यांच्यावरही तीच पी-१५ होती. पाश्चात्त्य देश तिला ‘स्टिक्स’ म्हणायचे. पाकिस्तानची ‘खैबर’ ही विनाशिका बुडाली, ‘मुहाफिज’ ही सुरुंगशोधक नौकाही बुडाली. ऑपरेशन ट्रायडेंट ते हेच, आणि आपण ४ डिसेंबरला नौदल दिन साजरा करतो तोही याचमुळे.

ऑक्टोबर १९७३. सीरियाच्या लताकिया बंदराबाहेर सीरियाच्या आणि इस्रायलच्या बोटी समोरासमोर आल्या. सीरियाकडे पुन्हा स्टिक्सच. तिचा पल्ला साधारण ४० किलोमीटर, तर इस्रायलच्या ‘गॅब्रिएल’ मिसाईलचा जेमतेम २०. कागदावर सीरियाचं पारडं जड होतं. प्रत्यक्षात सीरियाच्या पाच नौका बुडाल्या आणि इस्रायलच्या एकाही बोटीला स्टिक्स लागली नाही. त्या संपूर्ण युद्धात ती लागलीच नाही.

आता समजा तुम्ही नौदलाच्या युद्धाचा गेम बनवताय. प्रत्येक शस्त्रासमोर एक रकाना असतो, ‘लागण्याची शक्यता’. पी-१५ समोर त्या रकान्यात किती टक्के लिहाल?

हा रकाना आला कुठून?

नौदलाचे सिम्युलेशन गेम हा प्रकार पब्जी किंवा फिफासारखा घराघरात पोचलेला नाही. पण ज्यांना त्याचं वेड लागतं ते त्यात पार बुडून जातात. लॅरी बॉण्ड हा अमेरिकी नौदलातला अधिकारी. नौदलाचा सरावासाठीचा खेळ गोपनीय होता, म्हणून त्याने उघडपणे मिळणाऱ्या माहितीवरून स्वतःचा एक खेळ तयार केला. १९८० मध्ये आलेला हा ‘हार्पून’ म्हणजे कागद, फासे आणि जाडजूड तक्ते. टॉम क्लॅन्सीने बॉण्डच्या साथीने ‘रेड स्टॉर्म रायझिंग’ ही कादंबरी लिहिली, तेव्हा त्यातला विमानवाहू नौकांवरचा मोठा हल्ला याच खेळावर मांडून पाहिला होता. १९८९ मध्ये हार्पून कॉम्प्युटरवर आला. पुढे २०१३ मध्ये ‘कमांड’ आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘सी पॉवर’ हा शीतयुद्धाच्या काळातला गेम आला.

या सगळ्यांच्या पोटात एकच यंत्र चालतं. मिसाईल येतं, बचाव करणारी नौका आपली मिसाईल्स सोडते, मग तोफ चालवते, फसवे ढग उडवते. प्रत्येक पायरीवर कॉम्प्युटर एक फासा टाकतो. फाशाच्या मागे टक्केवारी असते आणि या गेमच्या चाहत्यांची अर्धी भांडणं त्या टक्केवारीवरून असतात. बचाव जोरदार ठेवला तर तक्रार येते की काहीही डागा, लागतच नाही. मिसाईल जोरदार ठेवलं तर तक्रार येते की जो आधी दिसला तो मेला, यात डोकं कुठे लावायचं? कुणाला ‘नर्फ’ करायचं नि कुणाला ‘बफ’, हा वाद इथेही आहेच. फरक एवढाच की इथले खेळाडू खऱ्या लढायांचे दाखले घेऊन भांडायला येतात.

आणि दाखलेच गोंधळ वाढवतात. जॉन शुल्टे या अमेरिकी नौदल अधिकाऱ्याने १९९४ मध्ये आपल्या प्रबंधासाठी तोवरच्या जहाजविरोधी मिसाईल हल्ल्यांचा हिशेब मांडला. त्याने लक्ष्यांचे तीन गट केले. ज्यांच्याकडे बचावाचं साधनच नव्हतं, म्हणजे मालवाहू जहाजं वगैरे, त्यांना दहातली नऊ मिसाईल्स लागली. ज्यांनी बचाव केला त्यांना साधारण चारातलं एक. खरी मेख आहे मधल्या गटात. साधनं होती, पण वापरली गेली नाहीत, अशा युद्धनौका. त्यांना साधारण तीनातली दोन मिसाईल्स लागली.

म्हणजे रकान्यातला आकडा मिसाईलचा नव्हताच. समोरच्या जहाजावर त्या दोन मिनिटांत कोण जागं होतं, त्याचा होता.

दोन मिनिटंही नाहीत

दोन मिनिटं हा सुद्धा उदार अंदाज झाला. पृथ्वी गोल आहे आणि रडार सरळ रेषेत बघतं. जहाजावर २५ मीटर उंचीवर बसवलेल्या रडारला समुद्रापासून ५ मीटरवरून सरपटत येणारं मिसाईल साधारण ३० किलोमीटरवर आल्याशिवाय दिसूच शकत नाही. ते सेकंदाला ३०० मीटर वेगाने येत असेल तर हातात राहतात १०० सेकंद. आपल्या ब्रह्मोससारखं आवाजाच्या दुप्पट-तिप्पट वेगाचं मिसाईल असेल तर त्याच्या निम्म्याहून कमी. तेवढ्यात रडारवरच्या ठिपक्याला मिसाईल म्हणून ओळखायचं, वरिष्ठाला सांगायचं, त्याने मानायचं, आदेश द्यायचा आणि आपलं मिसाईल सोडायचं. सगळं चुकलं तर शेवटचा आधार म्हणजे फॅलेन्क्ससारखी तोफ. ती मिनिटाला ४,५०० गोळ्या झाडते, पण तिचा प्रभावी टप्पा दीड किलोमीटरच्या आसपास. म्हणजे तिच्याकडे पाच सेकंद. आणि तिच्या पोटातल्या १,५५० गोळ्या सलग झाडल्या तर वीस सेकंदांत संपतात.

गेममधल्या कॉम्प्युटरला १०० सेकंद म्हणजे अख्खा दिवस. त्याला शंका येत नाही, झोप येत नाही. ठिपका दिसला की त्याच क्षणी त्याला मिसाईलचं नावही माहीत असतं. माणसांचं मात्र कसं होतं ते ४ मे १९८२ ला दिसलं.

फॉकलंड बेटांवरून ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यात युद्ध सुरू होतं. ब्रिटिश ताफ्याच्या पुढे ‘शेफिल्ड’, ‘ग्लासगो’ आणि ‘कॉव्हेंट्री’ या विनाशिका पहाऱ्यावर होत्या. अर्जेंटिनाच्या दोन सुपर एतांदार विमानांनी दोन एक्झोसेट मिसाईल्स सोडली. ग्लासगोला विमानांच्या रडारची चाहूल लागली, तिने इशारा दिला आणि स्वतः ‘चॅफ’ उडवलं. चॅफ म्हणजे धातूचा मुलामा दिलेल्या बारीक तंतूंचा ढग. मिसाईलच्या रडारला तो ढगच जहाज वाटतो. पण त्या काळात अशा खोट्या इशाऱ्यांचा सुकाळ झाला होता. ताफ्यातल्या मोठ्या जहाजाने ग्लासगोचा इशाराही त्यातलाच समजून बाजूला ठेवला. शेफिल्ड नेमकी उपग्रहावरून बोलत होती, त्या प्रक्षेपणामुळे शत्रूच्या रडारची चाहूल घेणारं तिचं यंत्र बधिर झालं होतं. हवाई बचावाची जबाबदारी असलेला अधिकारी नियंत्रण कक्षात नव्हता. चौकशी अहवाल अनेक वर्षांनी खुला झाला, त्यात हे सगळं आलं. शेफिल्डने ना चॅफ उडवलं, ना एक गोळी झाडली. एक एक्झोसेट चुकलं, दुसरं लागलं. २० जण गेले.

एकट्या शेफिल्डची ही गोष्ट नाही. १७ मे १९८७ ला पर्शियन आखातात अमेरिकेच्या ‘स्टार्क’वर इराकी विमानाची दोन एक्झोसेट्स आदळली तेव्हा तिची फॅलेन्क्स तोफ आपोआप गोळीबार करण्याच्या स्थितीत नव्हती. ३७ नौसैनिक मेले. १४ जुलै २००६ ला लेबनॉनच्या किनाऱ्यासमोर इस्रायलच्या ‘हानित’वर मिसाईल लागलं, चौघे गेले. हिजबुल्लाकडे असलं शस्त्र असेल अशी अपेक्षाच नव्हती, त्यामुळे बचाव यंत्रणा चालू नव्हती. आणि खैबर? आपल्या दिशेने येणारा तो उजेडाचा ठिपका तिच्यावरच्या लोकांना शत्रूचं विमान वाटला. त्यांनी विमानविरोधी तोफा चालवल्या आणि आपल्यावर हवाई हल्ला झाल्याचा संदेश पाठवला. जहाजं अशी मिसाईल्स सोडतात हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं. लताकियाला इस्रायली मात्र एलातचा धडा गिरवून, चॅफ आणि रडार गोंधळवणारी यंत्रं घेऊन आले होते.

आता हे गेममध्ये कसं आणायचं? तुम्ही तीन तास ताफा हाकताय, आणि एका क्षणी कॉम्प्युटर सांगतो की तुमचा अधिकारी जागेवर नव्हता म्हणून जहाज बुडालं. वास्तवाला धरून आहे हो, पण खेळाडू कीबोर्ड फेकून देईल. दिवसभरात दहा खोटे इशारे दिले तरी तेच. खरं युद्ध जितकं कंटाळवाणं आणि जितकं अन्यायकारक असतं, तितकं कुणाला पैसे देऊन विकत घ्यायचं नसतं.

एक आकडा हलवला की आख्खं युद्ध हलतं

गेम बनवणाऱ्यांना झोपू न देणारी दुसरी गोष्ट गणिताची आहे. अमेरिकी नौदलातून निवृत्त झालेले आणि पुढे प्राध्यापक झालेले कॅप्टन वेन ह्यूज यांनी मिसाईल युद्धाचं एक साधं सूत्र मांडलं. त्याला ‘साल्व्हो मॉडेल’ म्हणतात. साल्व्हो म्हणजे एकदम सोडलेला मिसाईलचा मारा. त्याच्या नावाला घाबरायचं कारण नाही, वजाबाकी आणि भागाकार आला की झालं.

दोन्ही बाजूंना तीन-तीन जहाजं घ्या. प्रत्येक जहाज एका वेळी ४ मिसाईल्स सोडतं आणि येणारी ४ थोपवतं. एक जहाज निकामी करायला २ मिसाईल्स लागावी लागतात. दोघांनी एकदम मारा केला: १२ आली, १२ थोपवली. कुणाचा ओरखडाही निघाला नाही. खेळाडू म्हणतो, बोअर आहे.

ठीक आहे. गेमवाला बचावाचा आकडा ४ वरून ३ करतो. आता १२ आली, ९ थोपवली, ३ लागली. दोन्ही ताफे एका फटक्यात अर्धे. अजून जरा मजा यावी म्हणून आकडा २ केला तर १२ आली, ६ थोपवली, ६ लागली. दोन्हीकडची तिन्ही जहाजं संपली, पहिल्याच माऱ्यात. ‘काहीच होत नाही’ आणि ‘सगळे मेले’ यांच्यामध्ये फक्त दोन पायऱ्या आहेत.

किंवा बचाव ४ वरच ठेवा आणि एका बाजूला एक जहाज जास्त द्या. १६ गेली, समोरच्यांनी १२ थोपवली, ४ लागली. तीनपैकी दोन जहाजं गेली. उलट बाजूने आलेली १२ मात्र चार जहाजांनी आरामात थोपवली, नुकसान शून्य. पाच विरुद्ध तीन केलं तर समोरचा ताफा पुसला जातो आणि तुमच्या रंगावर चरा पडत नाही. तोफांच्या जमान्यात असं नव्हतं. तिथे दोन्ही बाजू एकमेकींना हळूहळू झिजवायच्या, त्यामुळे आकडा थोडा चुकला तर निकाल थोडाच चुकायचा. मिसाईलच्या युद्धात आकडा थोडा चुकला तर निकाल उलटाच लागतो. आणि खरे आकडे सगळ्या नौदलांच्या तिजोरीत बंद आहेत.

मग करतात काय?

चांगल्या गेमनी मिसाईलच्या रकान्याशी झटापट करणं कमी करून जहाजावरच्या माणसांकडे मोर्चा वळवला. ‘कमांड’मध्ये प्रत्येक जहाजाच्या खलाशांना नवख्यापासून मुरलेल्यापर्यंत दर्जा देता येतो. दर्जा खालचा असेल तर धोका दिसण्यापासून प्रत्युत्तर देण्यापर्यंतचा वेळ वाढतो. मिसाईल तेच, तोफ तीच, फक्त काही सेकंदांचा उशीर. १०० सेकंदांच्या खेळात तेवढ्याने शेफिल्ड घडते. आपोआप गोळीबार करायचा की आदेशाची वाट बघायची, हेही ठरवता येतं. म्हणजे स्टार्क आणि हानितसुद्धा मांडता येतात, आणि तेही खेळाडूच्या निर्णयाने. अन्याय झाला असं वाटत नाही, कारण चूक आपलीच असते.

दुसरी युक्ती रडारची. रडार चालू ठेवलं तर तुम्हाला दिसतं, पण अंधारात टॉर्च लावल्यासारखे तुम्हीही सगळ्यांना दिसता. बंद ठेवलं तर लपता, पण आंधळे होता. ‘सी पॉवर’मध्ये हा निर्णय सतत खेळाडूच्या डोक्यावर असतो आणि गेमची खरी रंगत तिथेच आहे. बचाव किती टक्के हा प्रश्न त्यामुळे मागे पडतो, बचाव कधी जागा होतो हा पुढे येतो. संतुलन साधायचा यापेक्षा प्रामाणिक मार्ग सध्या तरी दिसत नाही.

मिसाईल लागल्यानंतरचं गणितही आहे. बरेच गेम जहाजाला ‘हेल्थ बार’ देतात. शेफिल्डवरचं एक्झोसेट फुटलंच नाही असा निष्कर्ष त्या वेळच्या चौकशीत निघाला होता. २०१५ मध्ये ब्रिटनच्या संरक्षण खात्याने फेरतपासणी केली आणि ते फुटलं होतं असं सांगितलं. काहीही असो, जहाजाला संपवलं ते आगीने आणि धुराने. स्टार्कवर एक न फुटलेलं आणि एक फुटलेलं, अशी दोन लागली, तरी खलाशांनी आग आटोक्यात आणली आणि ती तरंगत राहिली. हेल्थ बारमध्ये हे बसत नाही.

आणि एक प्रकार तर बहुतेक गेम टाळतातच. २५ फेब्रुवारी १९९१, आखाती युद्ध. इराकने किनाऱ्यावरून ‘मिसूरी’ या अमेरिकी युद्धनौकेच्या दिशेने सिल्कवर्म मिसाईल सोडलं. ब्रिटनच्या ‘ग्लॉस्टर’ने ते सी डार्ट मिसाईलने पाडलं. इथवर सगळं चित्रपटासारखं. पण त्याच गडबडीत मिसूरीने उडवलेला चॅफचा ढग जवळच्या ‘जॅरेट’वरच्या फॅलेन्क्सला शत्रू वाटला. तोफेने आपोआप गोळीबार केला आणि काही गोळ्या थेट मिसूरीवर आदळल्या. हे गेममध्ये झालं असतं तर लोकांनी बग म्हणून तक्रार टाकली असती.

गेमच आहे ना, एवढं काय?

‘कमांड’ची एक वेगळी आवृत्ती लष्करी संस्थांना विकली जाते. नौदलं आपले डाव आधी खेळून बघतात, त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली. आणि खेळाचा पंच आकडे आपल्या सोयीने हलवू लागला की काय होतं, याची एक कुप्रसिद्ध गोष्ट आहे.

मे १९४२. जपानच्या ‘यामातो’ या महाकाय युद्धनौकेवर मिडवेच्या मोहिमेचा सराव-खेळ चालला होता. फुचिदा आणि ओकुमिया या दोन जपानी नौदल अधिकाऱ्यांनी नंतर लिहिलेल्या पुस्तकानुसार, अमेरिकी विमानांनी जपानी विमानवाहू नौकांवर हल्ला केला आणि फाशांनी ९ बॉम्ब लागल्याचं दाखवलं. मुख्य पंच रिअर ॲडमिरल उगाकी यांनी ते ३ वर आणले. तरीही ‘कागा’ बुडाली असं ठरलं. पण खेळाच्या पुढच्या भागात ती पुन्हा हजर झाली. जूनमध्ये खऱ्या मिडवेला कागा, अकागी, सोर्यू आणि हिर्यू या चारही नौका बुडाल्या.

तिथे मिसाईल्स नव्हती, बॉम्ब होते. पण आकडा हलवण्याचा मोह तोच.

सध्या या गेमवाल्यांचं आणि त्यांच्या चाहत्यांचं लक्ष तांबड्या समुद्राकडे असतं. १९ ऑक्टोबर २०२३ ला अमेरिकेच्या ‘कार्नी’ने येमेनमधून हूतींनी सोडलेली क्रूझ मिसाईल्स आणि ड्रोन्स पाडली. त्यानंतर महिनोन् महिने तिथल्या युद्धनौका मारा झेलत आणि परतवत राहिल्या. बचाव जागा असेल तर तो किती टिकतो, याचा एवढा मोठा सराव याआधी झाला नव्हता. आणि त्यातून गेमवाल्यांच्या कामाचा एक मुद्दा बाहेर आला तो भात्याचा. अमेरिकी विनाशिकेवर मिसाईलसाठी ९० ते ९६ खाचा असतात आणि भर समुद्रात त्या पुन्हा भरता येत नाहीत, बंदरात परतावं लागतं. मग बचाव दर वेळी यशस्वी झाला तरी खेळ अटीतटीचा राहतो, कारण प्रत्येक यशाबरोबर भाता रिकामा होतो. टक्केवारीला हात न लावता.

३० जानेवारी २०२४ ला मात्र एक क्रूझ मिसाईल बाहेरची सगळी कडी ओलांडून ‘ग्रेव्हली’ या विनाशिकेच्या साधारण मैलभर अंतरावर पोचलं. ते फॅलेन्क्सने पाडलं. त्या दिवशी आधीच्या कड्यांतून ते कसं निसटलं, त्याची नोंद अमेरिकी नौदलाकडे असणार. गेम बनवणाऱ्यांच्या हातात मात्र बातमीतल्या दोन ओळी आहेत, आणि समोर तो रिकामा रकाना.